सतरावी ओळ

पुन्हा एप्रिल आला आणि कॉलेजमागच्या प्लॉटवर काँक्रीटचा पंप येऊन उभा राहिला. मध्ये पत्र्याचं कुंपण आहे, त्यामुळे लायब्ररीच्या खिडकीतून तो दिसत नाही. पण त्याचा आवाज मी कुठेही ओळखेन. एक ठोका, मग जरासा श्वास, मग दुसरा ठोका. शेजारी बसणाऱ्या मुली विचारतात, ताई, या गोंगाटात तुम्ही जर्नल कसं लिहिता? त्या मला ताई म्हणतात, कारण मी त्यांच्याहून एक वर्षानं मोठी आहे. माझ्या वर्गातली मुलं पुढे गेली, मी मागे राहिले. मी त्यांना सांगते की आवाजाचा मला त्रास होत नाही. खरं म्हणजे त्रास तो थांबल्यावर होतो. पंप थांबला की माझी बोटं पेनवर आवळतात, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत मला एक ओळही धड लिहिता येत नाही.

लोकांच्या घरी आंब्यांचा सीझन असतो, लग्नांचा असतो. आमच्या घरी स्लॅबचा असतो. पाऊस लागण्याआधी जितके स्लॅब टाकून होतील तितके टाकायचे, अशी सगळ्या साइटवर घाई सुटते. त्या दिवसांत बाबांच्या अंगाला ओल्या सिमेंटचा वास येतो. साबणानं तो जात नाही. मी लहान असताना धायरीतल्या आमच्या खोलीत त्या वासानं मला झोप यायची. आता तोच वास आला की जाग येते.

बाबा वाशिमकडचे. शाळा चौथीपर्यंत. पुण्यात आले तेव्हा स्लॅबचा माल घमेल्यांतून वर जायचा. शिडीवर बायकापुरुषांची रांग, या हातातून त्या हातात. मग हिंजवडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या, कॉम्प्युटरवाल्या कंपन्यांना जागा लवकर हव्या होत्या, आणि घमेल्यांची रांग गेली. पंप आला. खाली पंप, आणि तिथून मजल्यामागून मजले चढत जाणारी लोखंडी पाइपांची लाइन. बाबा त्या लाइनीवर लागले. पाइपाला पाइप जोडायचा, सांध्यावर क्लॅम्प आवळायचा, तो उघडू नये म्हणून क्लॅम्पमध्ये पिन घालायची. हे काम ते हातानं शिकले. एवढं सांगते, कारण पुढचं सगळं या क्लॅम्पाशी आणि पिनेशी येऊन थांबतं.

मागच्या उन्हाळ्यात आम्हाला सहा आठवड्यांचं साइट ट्रेनिंग होतं. त्याचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय पुढचं वर्ष मिळत नाही. वर्गातल्या कोणाच्या काकांचं शनिवार पेठेत ऑफिस होतं, कोणाच्या मामांची फर्म होती. मला बाबा होते. त्यांनी आपल्या साइटच्या साहेबांना गाठलं आणि सांगितलं की आमच्या गावची एक पोरगी इंजिनियरिंग शिकते, तिला घ्या. आपली मुलगी असं सांगितलं नाही. घरी येऊन मला म्हणाले, "साइटवर मी तुहा कोनी नाई. मजुराची पोरगी म्हटलं का तुले कागदाला हात लावू देनार नाईत."

मी हो म्हटलं. मला ते पटलं होतं का? आठवत नाही. थोडं बरंही वाटलं असावं, आणि त्याची लाज आत्ता वाटते.

मला पांढरं हेल्मेट मिळालं. पांढरं साहेब लोकांचं, पिवळं कामगारांचं. बाबा गँगच्या टेम्पोतून जायचे, मी दोन बस बदलून. त्यांचं गेट मागचं, माझं पुढचं. पहिल्याच दिवशी मी पाइपाखालून वाकून जात होते, तर मागून हाक आली, मॅडम, तिथून नका जाऊ. वळून पाहिलं तर बाबा. मला हसू आलं. ते हसले नाहीत. त्यांनी बोटानं मला लांबचा रस्ता दाखवला आणि मी त्या रस्त्यानं जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. जेवायच्या सुट्टीत मी कंटेनरच्या ऑफिसात डबा उघडायचे, ते खाली स्लॅबच्या सावलीत. दोन्ही डब्यांत आईनं केलेली एकच भाजी असायची.

तरी ते मला शिकवायचे. मॅडम म्हणत, सगळ्यांसमोर, जणू मलाच सगळं ठाऊक आहे आणि ते फक्त आठवण करून देतायत. लाइन अडकली की कुठे अडकली हे कसं कळतं? हातोडीनं पाइपावर टकटक करत जायचं. माल ढिला असेल तिथे पाइप वाजतो, दगडांनी गच्च झाला असेल तिथे वाजत नाही. मुका होतो. पण सापडला म्हणून लगेच क्लॅम्प खोलायचा नाही. आधी पंप उलटा चालवायचा, म्हणजे आतला दाब माघारी जातो. अडकलेली लाइन अगदी शांत दिसते, ते म्हणायचे, आणि तीच तिची खोड आहे. चालू लाइन निदान थरथरते तरी.

आमच्याच गावचे लक्ष्मणकाका हे विसरले होते. फक्त एकदा. पंप बंद आहे म्हणजे दाब नाही असं समजून त्यांनी क्लॅम्पावर हातोडी मारली, आणि आतली खडी बंदुकीच्या छऱ्यांसारखी बाहेर आली. आता ते बिबवेवाडीत पानाची टपरी चालवतात. आम्ही गेलो की मान पूर्ण वळवून चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे बघतात आणि विचारतात, शिकते ना गं? मी हो म्हणते. लहानपणापासून मला त्यांच्या दुसऱ्या डोळ्याकडे बघता आलेलं नाही.

साहेबांचं नाव आपटे. माणूस वाईट नव्हता. पण त्यांचं बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण कौतुक ऐकलं की बोलणी खाल्ली हे रात्री अंथरुणावर कळावं. सेफ्टी ऑफिसर तीन साइटमध्ये मिळून एक होता आणि आठवड्यातून एकदा यायचा. म्हणून पंपाचा फॉर्म साहेबांनी माझ्याकडे दिला. बावीस ओळी, इंग्रजीत. पंपाच्या पायाखाली फळ्या आहेत का. लाइनखालची जागा दोरी बांधून बंद केली आहे का. प्रत्येक क्लॅम्पला पिन आहे का. सतरावी ओळ होती वॉकीटॉकीची: खालचा आणि वरचा, दोन्ही चार्ज करून, बोलून पाहिले का. प्रत्येक ओळीपुढे एक चौकट, तिच्यात बरोबरची खूण.

"सात वाजता माझ्या टेबलावर पाहिजे," साहेब म्हणाले. "सव्वासातला नको. सव्वासातला मी पुणेकर असतो."

सातच्या आत बावीस गोष्टी बघून होत नाहीत. पहिले दोन दिवस मी प्रयत्न केला, धापा टाकत मजले चढले, आणि फॉर्म उशिरा गेला. तिसऱ्या दिवशी मला कॉलेज आठवलं. कॉलेजात जर्नल कसं लिहितात हे तिथे शिकलेल्या कोणालाही सांगायला नको. मागच्या वर्षीचं जर्नल मिळवायचं, रिडिंग उतरवायची, एखादा आकडा जरा इकडेतिकडे करायचा, आणि प्रयोग पुढच्या आठवड्यात झाला तर झाला. मी शाळेतून नवीन आले तेव्हा मला हे पाहून धक्का बसला होता. मग सवय झाली. आमच्या घरात कोणी कधी जर्नल लिहिलं नव्हतं, त्यामुळे ते असंच लिहायचं असतं असं मी धरून चालले. मोठ्या लोकांची ही रीत असेल.

तर मी संध्याकाळी, निघायच्या आधी, कंटेनरमध्ये बसून दुसऱ्या दिवशीचा फॉर्म भरून ठेवायला लागले. पट्टी लावल्यासारख्या बावीस खुणा. सकाळी सातला तो टेबलावर असायचा. साहेबांनी तो उचलून उन्हाकडे धरला आणि म्हणाले, अक्षर सुरेख आहे हो तुमचं, इमारतीपेक्षा फाइल मजबूत होणार आमची. मी ते कौतुक समजले.

बाबांची एक सवय होती. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी ते एकटे पंपापासून निघायचे आणि लाइनीबरोबर वर जायचे. प्रत्येक क्लॅम्पवर हातोडी टेकवायची, प्रत्येक पिनेला बोट लावायचं. देवळात पायऱ्यांना हात लावत जावं तसं. वर पोचायला त्यांना वेळ लागे, गुडघे दुखायचे. पहिल्या आठवड्यात मी हे रोज बघितलं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ते आता जात नाहीत. खाली पंपाजवळ बसून चहा पितात. गँगमधला कैलास त्यांना चिडवत होता की आता काय, मॅडम तपासते, म्हातारा पेन्शनीत गेला. बाबा बशीत फुंकर मारत हसले. साहेबांच्या टेबलावरून आलेला फॉर्म पंपाजवळच खिळ्याला टांगलेला असायचा. जाता जाता त्यांनी त्याला हात लावलेला मी एकदा पाहिला, पिनेला लावायचे तसाच.

मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगते. मला आनंद झाला. वाटलं, माझ्या शिक्षणानं त्यांच्या गुडघ्यांना आराम मिळाला.

मेच्या मध्यावर तिसऱ्या मजल्याचा मोठा स्लॅब होता. सकाळी पंपाला हार घातला, हळदकुंकू लावलं, माल ओततात त्या हॉपरच्या कडेवर नारळ फोडला. सगळ्यांना जिलेबी वाटली. मी वर्षभर त्या सकाळचा विचार करत आले आहे. नारळ वेळेवर, सगळ्यांसमोर, खरोखर फोडला गेला. नारळ कोणी आदल्या दिवशी फोडून ठेवत नाही.

अकराच्या सुमाराला लाइन अडकली. ठोका पडायचा तो पडला नाही. अचानक आजूबाजूचं सगळं ऐकू यायला लागलं: सळयांवरून चालणाऱ्यांचे बूट, खाली रांगेत उभ्या असलेल्या मिक्सरच्या गाड्या, खालच्या मजल्यावर पाणी साठवायला केलेल्या वाफ्यांत आंघोळ करणाऱ्या चिमण्या. ऊन असं की पसरलेला माल बघता बघता पांढरा पडत होता. आपटे साहेब वर आले होते. अर्धा स्लॅब ओला आणि अर्धा कोरडा राहिला तर जोड कच्चा राहतो, तो फोडावा लागतो. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. तेही अडकले होते, हे मला आता कळतं.

बाबा हातोडी घेऊन लाइनीवरून निघाले. टण, टण, टण. लाइन वळते त्या बाकाजवळ येऊन पाइप मुका झाला. तिथल्या क्लॅम्पमध्ये पिन नव्हती, वाकवलेली तार होती. माझ्या फॉर्मात तिथे बरोबरची खूण होती. बाबांनी तारेकडे पाहिलं, मग क्षणभर माझ्याकडे. त्यांना वाटलं असेल, नजरेतून सुटलं पोरीच्या.

साहेबांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरून खालच्या ऑपरेटरला, जगदीशला, सांगितलं की पंप उलटा चालव. बटण सोडलं की त्यातून खरखर येते. ती आली नाही. आम्ही थांबलो. मिक्सरच्या घरघरीत खालचं काही कळत नव्हतं. साहेब म्हणाले, झालं असेल, खोला.

बाबा गुडघ्यावर बसले. बाजूला होऊन, तोंड वळवून, जसं बसायचं तसंच बसले. पण हातोडी उचलण्याआधी त्यांनी मला विचारलं. साहेबांना नाही, मला.

"मॅडम, वॉकीटॉकी पाह्यला होता ना सकाळी?"

सतरावी ओळ. मी तो वॉकीटॉकी त्या दिवशी काय, त्या आठवड्यात हातात धरला नव्हता.

मी गप्प राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. फार नसेल. पण तेवढ्यात माझ्या मनात जे जे आलं ते सगळं मला पाठ आहे. प्रमाणपत्र. वाया जाणारं वर्ष. पांढरं हेल्मेट. हो म्हटलं आणि पंप खरंच उलटा फिरला असला तर कोणाला काही कळणार नाही, हेही आलं. हो म्हणणं अगदी सोपं होतं, बावीस वेळा रोज म्हणतच होते. माणूस अडकतो तो असा. दार कोणी बाहेरून लावलेलं नसतं. आपल्याच अक्षरात, एकेक खूण करत, आपण ते आतून लावत आणलेलं असतं. बाबांनी माझं गप्प राहणं होकार धरलं असावं. हातोडी वर गेली.

"बाबा, थांबा," मी म्हणाले. "नाही पाहिला. मी काहीच पाहिलेलं नाही. सगळं आदल्या संध्याकाळी लिहिते मी."

हातोडी तशीच खाली आली आणि त्यांनी ती जमिनीवर ठेवली. आपटली नाही, ठेवली. कोणीतरी हळूच म्हणालं, बाबा? मी ऐकलं. बाबांनी सगळ्यांना हातानं मागे सारलं आणि ते स्वतः तीन मजले उतरून गेले, त्या गुडघ्यांवर. नंतर त्यांच्याकडूनच कळलं. जगदीश पंप नुसता बंद करून, डोक्यावर ओला रुमाल टाकून, हुकमाची वाट बघत उभा होता. त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं. दाब दाखवणाऱ्या काट्याची सुई वरच होती.

मग पंप उलटा चालला. माझ्यासमोर तो पाइप एकदाच दचकल्यासारखा मागे सरकला. बाबा वर आले, पुन्हा बाजूला तोंड करून बसले आणि क्लॅम्प खोलला. पसाभर खडी त्यांच्या गमबुटावर घरंगळली, आणखी काही नाही. त्या खडीकडे बघताना मला लक्ष्मणकाकांचा दुसरा डोळा पहिल्यांदा नीट दिसला.

तोवर उशीर झाला होता. जोड कच्चा राहिला, पुढे चार दिवस तो भाग फोडत होते. सहा आठवडे संपल्यावर मी प्रमाणपत्रासाठी आपटे साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी पेन उघडलं नाही.

"काय लिहू?" ते म्हणाले. "तुम्ही पंचवीस दिवस खोटं लिहिलंत आणि एक दिवस खरं बोललात. दोन्हीला मिळून एकच कागद आहे माझ्याकडे."

सातची घाई तुमचीच होती, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. कारण घाई त्यांची होती, पण खुणा माझ्या होत्या. त्यांनी कोरा कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला, मी हेल्मेट टेबलावर ठेवलं. बाहेर आले तर बाबा पुढच्या गेटशी उभे होते. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही एकत्र बसनं घरी आलो.

बसमध्ये ते रागावतील असं वाटत होतं. वर्ष गेल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. आपण थोडक्यात वाचलो यावरही नाही. धायरी फाटा जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, खिडकीकडे बघत, "मले वाटे, लिहेल हाय म्हंजे पाहेल हाय."

मला त्यांनी मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. चौथी शिकलेल्या माणसानं लिहिलेल्या शब्दावर केवढा भरवसा ठेवला होता. आम्ही शिकलेल्यांनी तो कधीच सोडून दिला होता, आणि त्यांना कोणी कळवलंही नव्हतं.

ट्रेनिंग मी नंतर दुसऱ्या एका लहान साइटवर पहिल्यापासून केलं, आणि आता हे वर्ष पुन्हा. बाबा रोज सकाळी परत लाइनीबरोबर वर जातात, फॉर्म कोणीही भरलेला असो. संध्याकाळी आल्यावर पूर्वी विचारायचे, अभ्यास झाला का? आता विचारतात, आज काय पाह्यलं?

आज सबमिशनला एक दिवस उरला आहे. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या प्रयोगाचं पान माझ्यासमोर उघडं आहे. तीन ठोकळे दाबून फोडायचे, तिन्हींचे आकडे लिहायचे. दोन फोडले आणि मशीन बंद पडलं. सगळ्या वर्गानं तिसरा आकडा पहिल्या दोन आकड्यांच्या मधला टाकला. माझी चौकट रिकामी आहे. सरांनी सकाळीच ती पाहिली आणि सांगितलं, उद्या भरून आणा, रिकाम्या जर्नलवर मी सही करत नाही. सही नाही तर सत्र नाही. म्हणजे आणखी एक वर्ष. आईला हे कसं सांगायचं ते मला माहीत नाही. गेल्या वर्षानं मला शूर केलं असेल असं कोणाला वाटेल, तर तसं नाही. दुपारपासून मी तीनदा पेन उचललं. एकदा तर आकड्याचा पहिला अंक पेन्सिलीनं लिहून खोडला, त्याचा डाग कागदावर आहे.

दुपारी लायब्ररीत असताना मागचा पंप थांबला. मी श्वास धरून बसले. मग हातोडी ऐकू आली, टण, टण, आणि एक ठोका मुका. बराच वेळ काही नाही. कोणीतरी ओरडून काही विचारत होतं, कोणीतरी उत्तर देत होतं. मग पंप उलटा फिरल्याचा तो ओढल्यासारखा आवाज आला आणि मी खिडकीवर कपाळ टेकलं. कुंपणापलीकडे कोण होतं मला माहीत नाही. कोणीतरी खाली जाऊन बघून आलं होतं, एवढं खरं.

आता घरी बसून हे लिहिते आहे. बाबा आत्ताच आले. हात धुऊन, टॉवेलानं कोपर पुसत ते माझ्यामागे उभे राहिले. इंग्रजी वाचता येत नसलं तरी आकडे त्यांना कळतात, आणि रिकामी जागा तर लगेच कळते. ओल्या बोटानं त्यांनी ती चौकट दाखवली आणि विचारलं, हे काहून खाली? मी सांगितलं, मशीन बंद होतं, तिसरा ठोकळा फोडलेला मी पाहिला नाही. भरलं नाही तर काय होईल तेही सांगितलं, सगळं, आई ऐकत असताना.

त्यांनी वाकून पान पाहिलं. कोपरावरून पाण्याचा एक थेंब पानावर पडला, तो त्यांनी टॉवेलाच्या टोकानं हलकेच टिपला, आकड्यांना धक्का न लावता.

"मंग राहू दे खाली," ते म्हणाले, आणि जेवायला बसले.